मंदीचीं पूर्वचिन्हें

कावळ्यानें यंदा घरटें झाडाच्या कोणत्या फांदीवर बांधलें हें पाहून पाऊसपाण्याचें अनुमान करण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांत फार जुनी आहे. व्यापारउदिमाच्या आभाळाकडे डोळे लावून बसणारे लोकही अशींच चिन्हें शोधीत असतात. मंदी आली म्हणजे कारखान्यांच्या पाळ्या बंद होतात, कचेऱ्यांतून माणसें कमी केलीं जातात, आणि बचतीचे चार पैसे शेअरांत घालून बसलेल्या गृहस्थाला मुलांच्या शिक्षणाचा किंवा स्वतःच्या घराचा बेत पुढें ढकलावा लागतो. तिची चाहूल आगाऊ लागली तर ती कोणास नको आहे? अशी चाहूल देणारीं म्हणून दोन साधनें प्रसिद्ध आहेत. एक शेअरांचे भाव आणि दुसरें सरकारी कर्जरोख्यांवरील व्याजाचें मान. दोहोंचाही कसून अभ्यास अमेरिकेंत झाला आहे, म्हणून उदाहरणें मुख्यतः तिकडचींच घेतों.

शेअरबाजाराची गोष्ट लवकर आटोपण्यासारखी आहे. शेअरचा भाव म्हणजे कंपनीच्या पुढील नफ्याविषयीं लोकांचा अंदाज. तेव्हां नफा घटण्यापूर्वीं भाव घटावा हें तर्काला धरूनच आहे. परंतु हा पहारेकरी फार भित्रा. पानाची सळसळ झाली तरी आरोळी ठोकतो. पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञानें १९६६ सालीं थट्टेनें लिहिलें होतें कीं, गेल्या पांच मंद्यांपैकीं नऊ मंद्यांचें भविष्य बाजारानें अचूक वर्तविलें! पुढें १९ ऑक्टोबर १९८७ रोजीं न्यूयॉर्क येथें डाउ जोन्सचा निर्देशांक एका दिवसांत शेंकडा २२.६ नें कोसळला. पण मंदी आली ती १९९० च्या जुलैंत. उलटपक्षीं २०२० सालीं १९ फेब्रुवारीस बाजार शिखरावर होता, आणि मंदीचा आरंभ त्याच महिन्यांत झाला.

कर्जरोख्यांचें चिन्ह अधिक विचार करण्यासारखें आहे. एका वर्षाच्या ठेवीपेक्षां पांच वर्षांच्या ठेवीला अधिक व्याज मिळावें अशी आपली साहजिक अपेक्षा असते. सरकारला कर्ज देणाऱ्याचीही तीच. तीन महिन्यांच्या सरकारी हुंडीवर जें मिळतें त्याहून दहा वर्षांच्या रोख्यावर कांहीं अधिक मिळालें पाहिजे, कारण पैसा तितका काळ अडकून पडतो. परंतु कधीं कधीं हा क्रम उलटतो. महागाईला आवर घालण्यासाठीं मध्यवर्ती बँक अल्प मुदतीचे दर चढवीत नेते. इकडे लांब मुदतीचे रोखे घेणाऱ्यांना वाटूं लागतें कीं, व्यापार थंडावेल आणि हे चढे दर उतरवावे लागतील. तेव्हां आजचा दर दहा वर्षांकरितां पक्का करून घ्यावा म्हणून ते त्या रोख्यांवर तुटून पडतात. रोख्यावर दरसाल मिळणारी रक्कम ठरलेली असते. त्याची किंमत चढली कीं उत्पन्नाचें मान उतरतें, आणि होतां होतां तें हुंडीच्याही खालीं जातें. शिवाय थोड्या मुदतीचा पैसा घेऊन लांब मुदतीनें कर्जाऊ देणें हा बँकांचा धंदा. क्रम उलटला म्हणजे त्यांत फारसें कांहीं सुटत नाहीं, आणि त्या हात आखडता घेतात. म्हणजे हें नुसतें चिन्ह नव्हे, थोडेंबहुत कारणही आहे; कावळ्याच्या घरट्याविषयीं तसें म्हणतां यावयाचें नाहीं.

कॅम्पबेल हार्वे यांनीं १९८६ सालीं शिकागो विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत या संबंधाची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली. १९६९ पासून २०२० पर्यंतच्या प्रत्येक अमेरिकन मंदीपूर्वीं हा क्रम उलटलेला आढळतो. मग शहाण्या माणसांनीं त्याची दखल घेतली असेल असें आपणांस वाटेल. मार्च २००६ मध्यें, दोन्ही दर जवळजवळ सारखे झालेले असतां, फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनीं जाहीर भाषणांत सांगितलें कीं, यावरून मोठी मंदगति येणार असें आपण मानीत नाहीं. त्याच उन्हाळ्यांत क्रम उलटला, आणि डिसेंबर २००७ मध्यें मंदी सुरू झाली. गंमत अशी कीं, ती सुरू झाल्याचा अधिकृत निर्णय तेथील विद्वानांच्या समितीनें दिला तो १ डिसेंबर २००८ रोजीं, म्हणजे तब्बल एक वर्षानें.

पण आतां ज्या गृहस्थानें या चिन्हावर भरंवसा ठेवून ऑगस्ट २००६ मध्यें आपले सर्व शेअर विकले असतील त्याची स्थिति पाहा. पुढचे चौदा महिने बाजार चढतच राहिला; ९ ऑक्टोबर २००७ पर्यंत एस अँड पी निर्देशांक सुमारें एक पंचमांशानें वर गेला. शेजारीपाजारी नफा मोजीत असतां इतके दिवस मन घट्ट करून बसणें कितीजणांना साधेल? अनेकांचा धीर नेमका शेवटच्या महिन्यांत सुटतो आणि ते चढ्या भावानें पुन्हां आंत शिरतात. मार्च २००९ मध्यें तोच निर्देशांक शिखराच्या निम्म्याहूनही खालीं आला होता. चिन्ह खरें ठरलें, तरी तें पाहणाऱ्याचें घर बुडण्यास हरकत नव्हती. माझ्या मतें या चिन्हाचें मोठें वैगुण्य हेंच; तें वेळ सांगत नाहीं.

आणि २०२२ सालीं तर दोन्ही चिन्हें मिळून फसलीं. बाजार जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत एक चतुर्थांशानें उतरला. जुलैपासून दोन वर्षांच्या रोख्याचें मान दहा वर्षांच्या रोख्याहून जें चढलें तें सप्टेंबर २०२४ पर्यंत उतरलें नाहीं. मध्यंतरीं तें अंतर शेंकडा एकाहूनही अधिक झालें. तरी २०२३ मध्यें बेकारीचें प्रमाण शेंकडा ३.४ पर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षांत नव्हतें इतकें खालीं गेलें, आणि २०२४ संपेपर्यंत मंदी आली नाहीं. महामारीच्या काळांतील सरकारी मदतीचा पैसा लोकांच्या हातीं शिल्लक होता. पुष्कळांचीं घरकर्जें तीस वर्षांच्या ठराविक अल्प दरानें बांधलेलीं असल्यामुळें चढ्या दरांची झळ त्यांस लागली नाहीं. खुद्द हार्वे यांनीं २०२३ च्या आरंभींच हें चिन्ह या वेळीं खोटें ठरण्याचा संभव बोलून दाखविला होता, हा त्यांचा प्रामाणिकपणा नमूद करण्यासारखा आहे.

आपल्या देशांत हें गणित जसेंच्या तसें लागू करूं नये. येथें बँकांना ठेवींचा कांहीं भाग सरकारी रोख्यांत ठेवणें कायद्यानें भाग आहे. तेव्हां रोख्यांचा भाव हा सर्वस्वीं मोकळ्या बाजाराचा कौल नसतो. २०२३ सालीं आपल्याकडील कांहीं बँकांनीं चारशें दिवसांच्या ठेवीस पांच वर्षांच्या ठेवीहून अधिक व्याज देऊं केलें, तेव्हांही मंदी आली नाहीं. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें रेपो दर साडेसहावरून सव्वासहा टक्क्यांवर आणला आणि त्या वर्षांत पुढेंही उतरविला. थोड्या मुदतीचें चढें व्याज पाहून ज्यांनीं ठेवी ठेविल्या होत्या, त्यांपैकीं ज्यांची मुदत त्यानंतर भरली त्यांना तें व्याज पुन्हां मिळालें नाहीं.