कोणता चमचा?

१९८६ साली एका विद्यापीठाच्या संज्ञापन विभागात मी प्रवेश घेतला आणि तसे गावी आईला पत्राने कळवले. तिचे उलट पत्र आले, "तू काय शिकतोस असे शेजारी विचारतात. एका वाक्यात सांगता येईल असे लिही." मी तीन पाने लिहिली. त्यावर तिचे उत्तर : "बरे. वकिली नव्हे, एवढे कळले." दोन वर्षांनी व्हायची ती माझी परीक्षा तिने आधीच घेतली होती आणि तीत मी नापास झालो होतो, पण हे ध्यानी यायला वेळ लागला.

विभागात संज्ञापनाची तत्त्वे शिकवणारे एक प्राध्यापक होते. फळ्यावर ते एका ओळीत चौकोन काढीत, त्यांना बाणांनी जोडीत आणि मधोमध खालून एक बाण आणून तिथे 'गोंगाट' असे लिहीत. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना १९४८ साली मांडलेली ही आकृती. संदेश तारेतून अलीकडचा पलीकडे जसाच्या तसा कसा पोहोचवावा, हा त्याचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले होते. आम्ही मात्र ती आकृती माणसामाणसांतल्या बोलण्याचा नकाशा म्हणून घोकली. तास संपताना सर विचारीत, "समजले ना?" आणि तीसेक माना एकदम हलत. सरांवर माझा राग नाही. ते मनापासून शिकवीत. पण त्या माना खऱ्या की खोट्या, हे त्यांनी कधी पाहिले नाही, आणि आम्हीही ते कधी कळू दिले नाही.

नभोवाणीलेखन शिकवणाऱ्या बाईंचा खाक्या निराळा होता. त्यांच्या वर्गात 'समजले का?' हा प्रश्न विचारायला बंदी होती. "होय म्हणण्यावाचून दुसरे उत्तरच नसते त्याला," त्या म्हणत. "ऐकणाऱ्याला सांगा, आता तुम्ही मला सांगा." १९५६ साली पुणे केंद्राने जवळपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालवली होती, त्याची गोष्ट त्या नेहमी सांगत. मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, वाद घालत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवीत. कार्यक्रम संपल्यावर खरा कार्यक्रम सुरू होतो, असे बाईंचे मत होते.

त्यांनी मला विषय दिला : लहान मुलांचे जुलाब आणि साखर-मीठ-पाणी. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यात शोषले जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात येते, एवढ्या साध्या गोष्टीने १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंख्य जीव वाचवले होते. मी पाच मिनिटांचे भाषण लिहिले. १ लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. भाषा अशी घोटीव, की मला स्वतःचा हेवा वाटला. ते ध्वनिमुद्रित करून, शहरापासून बसने तासाभरावर असलेल्या एका गावी मी यंत्र घेऊन गेलो.

ओसरीवर आठ-दहा बायका बसल्या. भाषण संपले. एका तरुण आईला मी म्हटले, "वहिनी, आता तुम्ही मला सांगा." ती न अडखळता म्हणाली, "तांब्याभर पाणी, सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर."

माझ्या अंगावर काटा आला. मीठ असे जास्त झाले तर रक्तातले सोडियम वाढते, मुलाला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिने ऐकले नव्हते असे नाही. तिने सगळे ऐकले होते. दोन आकडे आणि दोन जिन्नस एका वाक्यात कोंबले होते ते मी.

तेवढ्यात एक आजी आतून पोहे खायचा मोठा चमचा घेऊन आल्या. "दादा, कोणता चमचा? आमच्यात हाच आहे." चहाच्या चमच्याच्या जवळजवळ तिप्पट! आणि तांब्या? दूध डेअरीतून लिटरचे माप मागून आणले, चार घरचे तांबे भरून पाहिले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

परतल्यावर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेचे उदाहरण दिले. तिथल्या सेविका घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ असे माप शिकवीत, आणि आयांच्या मागाहून किती ध्यानात राहिले, त्यावर सेविकांचा मेहनताना ठरे. "तुम्हाला त्या हिशेबाने काय मिळाले असते?" असे विचारून बाईंनी भाषणाचे कागद माझ्यापुढे सरकवले.

सरांनाही मी हे सांगितले. तारेत तर काही खरखरले नव्हते, मग हा गोंगाट म्हणायचा का? सर बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर विल्बर श्रॅम यांची १९५४ सालची आकृती काढली : बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवाची दोन वर्तुळे, आणि ती जिथे एकमेकांवर येतात तेवढ्याच जागेत होणारा संवाद. परीक्षेला येत नाही म्हणून ती गाळत होतो, असे त्यांनी वर्गात सरळ कबूल केले. त्या दिवशी 'समजले ना?' हा प्रश्न आला नाही.

भाषण नव्याने लिहिले. मीठ एका वाक्यात, साखर दुसऱ्यात. डेअरीच्या मापाने आपला तांब्या एकदा पारखून ठेवा, अशी सूचना. चमचा चहाचाच, आणि तयार पाणी चाखून पाहावे, आसवांहून खारट लागले तर ओतून द्यावे. पुन्हा गावी गेलो तेव्हा त्या वहिनींनी सगळे बरोबर सांगितले.

सुटीत ते आईला वाचून दाखवले आणि म्हटले, "आता तू सांग." तिने चोख सांगितले आणि विचारले, "पण पोराने ते ओकून टाकले तर?"

मी कागदावर पाहिले. ते लिहिलेच नव्हते. दहा मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे, हे शोधून काढून तिसऱ्यांदा लिहायला बसलो.