मनुष्य म्हणजे केवळ देह काय?

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत वसमत येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण परमेश्वराचे आभार मानण्यासाठीं जमलों आहों. अशा वेळीं मंदिराच्या भिंती, वेदी व घंटा यांचें स्मरण होतें, तें योग्यच आहे. परंतु ज्या आत्म्यांच्या तारणासाठीं हें सर्व उभें राहिलें, तो आत्माच जर नसेल, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरेल. आपलीं मुलें महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकून घरीं येतात आणि विचारतात, "रक्त, मांस, मेंदू हीं दिसतात, आत्मा कोठें आहे?" त्यांस दटावून गप्प बसविणें हें उत्तर नव्हे. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसेंच असलें पाहिजे.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पूर्ण बळानिशीं ऐकूं. हा प्रश्न आपल्या देशांत नवीन नाहीं. प्राचीन काळीं लोकायत अथवा चार्वाक नांवाचें मत येथें होतें. त्याचे मूळ ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहासारख्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच तें आज कळतें. पृथ्वी, आप, तेज व वायु यांचा संयोग झाला कीं चैतन्य उपजतें, जसें आंबवणांतून मद्य. संयोग तुटला कीं सर्व संपलें, असें तें मत. वसमतकरांस याचा दाखला दूर शोधावयास नको. ज्या वसमत हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती पिवळी धमक हळद चुन्याच्या निवळींत कालवा; ती तांबडी होते. जुन्या रीतीचें कुंकू अशाच क्षाराच्या योगानें होत असे. तांबडेपणा हळदींत नव्हता, चुन्यांतही नव्हता. मग जड द्रव्यांच्या मेळांतून मनही असेंच उपजत नसेल कशावरून?

आधुनिक विज्ञान या युक्तिवादास आणखी बळ देतें. मनुष्यदेहाच्या वजनांत सुमारें ६५ टक्के प्राणवायु, १८ टक्के कर्ब व १० टक्के हायड्रोजन असतो. मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. १८४८ सालीं अमेरिकेंत फिनिअस गेज नांवाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या कवटींतून सुरुंगाच्या स्फोटानें लोखंडी पहार आरपार गेली. तो वांचला, परंतु पूर्वीचा शांत व जबाबदार माणूस उर्मट व चंचल झाला, असें त्याच्या डॉक्टरानें लिहून ठेविलें. मेंदूस इजा झाली आणि स्वभाव पालटला. मग आत्म्यास काम तें काय उरलें?

या गोष्टी आपण नाकारूं नयेत. सत्य हें सत्याचें वैरी असत नाहीं. तसेंच आपल्या बाजूनें लटका पुरावाही पुढें करूं नये. १९०७ सालीं डंकन मॅकडुगल नांवाच्या डॉक्टरानें मरणोन्मुख रोग्यांस तराजूवर ठेवून आत्म्याचें वजन २१ ग्रॅम असल्याचें सुचविलें. रोगी अवघे सहा, आणि वजनाचा मेळ एकास एक नाहीं. असा पुरावा आपल्यास नको. ज्याचें वजन होतें तो आत्माच नव्हे.

आतां हळदीकडे पुन्हां वळूं. चुना लागतांच हळदींतील रंगद्रव्याची घडण बदलते. रसायनशास्त्र तें पूर्ण समजावून देतें. परंतु आपण तांबडें आहों हें कुंकवास ठाऊक नाहीं. तें जाणते कपाळीं लावणारी स्त्री. आणि त्या ठिपक्यांत तिला जो अर्थ दिसतो, तो हळदींत नाहीं, चुन्यांत नाहीं, त्यांच्या मिश्रणांतही नाहीं. जड वस्तूपासून दुसरी जड वस्तु होणें निराळें, आणि वस्तूचा अर्थ जाणणें निराळें.

संत थॉमस आक्विनास यांनीं तेराव्या शतकांत याच ठिकाणीं बोट ठेविलें. आपल्या अंगणांत पांच हळकुंडें आहेत असें समजा. तीं शिजतील, वाळतील, दळलीं जातील. पण पांच ही संख्या शिजत नाहीं, दळली जात नाहीं. डोळा हीं पांच हळकुंडें पाहतो. बुद्धि सर्व काळच्या व सर्व ठिकाणच्या पांचांस जाणते. न्याय, सत्य, कर्तव्य यांचेंही तसेंच. ज्या शक्तीचा विषय जडाच्या पलीकडचा आहे, ती शक्ति सर्वस्वीं जड कशी म्हणावी?

तशीच मनुष्याची इच्छाशक्ति. आपल्या महाराष्ट्रांतील गोपाळ गणेश आगरकर परलोकाविषयीं साशंक होते. तरी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ लोकहितांत घालविण्याचा निश्चय त्यांनीं आईस पत्रानें कळविला, आणि १८९५ सालीं वयाच्या ३८ व्या वर्षीं देह ठेवीपर्यंत तो पाळला. त्यांचें मत आपणांस मान्य नाहीं; परंतु पोटाहून सत्यास थोर मानणारें त्यांचें जीवन मला आपल्याच पक्षाचा साक्षीदार वाटतें.

मग गेजचें काय? येथें पुष्कळांचा गैरसमज होतो. आत्मा हा देहांत राहणारा भाडेकरू आहे, असें ख्रिस्तसभा शिकवीत नाहीं. व्हिएन येथील धर्मपरिषदेनें १३१२ सालीं ठरविलें कीं आत्मा हा देहाचें रूप होय, म्हणजे ज्याच्या योगानें ही माती मनुष्यदेह ठरते तें तत्त्व. दोन्ही मिळून एक मनुष्य. म्हणून मेंदूस जखम झाली तर मनुष्याचें वागणें बदलावें, यांत नवल नाहीं. पोप बारावे पायस यांनीं १९५० सालीं सांगितलें कीं देहाच्या उत्पत्तीविषयीं विकासवादाचा अभ्यास विद्वानांनीं करावा, मात्र प्रत्येक आत्मा परमेश्वर स्वतः निर्माण करितो. यामुळेंच आपण देहाचेंही पुनरुत्थान मानतों. देह हें टाकून द्यावयाचें वस्त्र नव्हे.

बंधुभगिनींनो, हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. मनुष्य म्हणजे निव्वळ चालतें यंत्र असेल, तर यंत्र बिघडतांच त्याची किंमत संपली. मग पोटच्या लेकाचें नांव विसरलेली म्हातारी आई कोण? जन्मतः मंदबुद्धि असलेलें लेंकरूं कोण? मुलगी म्हणून गर्भांतच नको झालेली कन्या कोण? असें पाप थांबविण्यासाठीं सरकारास १९९४ सालीं कायदा करावा लागला, यावरून आत्म्याचा विसर कोठवर नेतो हें दिसतें. आईची स्मृति गेली, तरी आई गेली नाहीं. तिच्या मेंदूंतील पेशी झडल्या. परमेश्वरानें नांवानें हांक मारून निर्मिलेला जीव अजून त्या खाटेवर आहे.

म्हणून मुलांनीं विचारलें कीं आत्मा कोठें आहे, तर त्यांस वरील युक्ति अवश्य सांगा. परंतु त्यांनीं आपल्या घरांत अशा आजीस स्वच्छ अंथरुणावर, प्रेमानें घांस भरविली जात असलेली पाहिलें पाहिजे. आपण सेवा करूं लागलों, तरच आपला शब्द खरा वाटेल. परमेश्वर आपणां सर्वांस ती बुद्धि व तें बळ देवो. आमेन.