भाड्याचे घर आणि तीन पायऱ्या

श्रोतेहो, घर भाड्याने घेताना भाडे किती, अनामत किती आणि पाणी केव्हा येते, एवढे आपण विचारतो. परंतु चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या मनुष्याचा पहिला प्रश्न निराळाच असतो: मला त्या घरात शिरता येईल काय?

हैदराबाद शहरातील कुकटपल्लीचे उदाहरण घेऊ. २०१७ च्या नोव्हेंबरात येथे मेट्रो आली. तिच्या स्थानकांना लिफ्ट आहेत, गाडीत खुर्चीसाठी जागाही राखलेली आहे. तेव्हा अपंग मनुष्य कचेरीपर्यंत जाऊ शकतो. अडचण येते ती बिऱ्हाड शोधताना. येथील अनेक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला असतो आणि बिऱ्हाडे पहिल्या मजल्यापासून सुरू होतात. साहजिकच सारी भिस्त लिफ्टवर. आणि लिफ्टपाशी पोहोचण्यासाठीच पुष्कळदा दोनतीन पायऱ्या चढाव्या लागतात.

मी शिक्षक असल्याने थोडे गणित मांडतो. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे तेथे १८ फूट लांबीचा उतार हवा. घाईने टेकवलेली चार फुटांची फळी हा उतार नव्हे, ती घसरगुंडी होय. दाराचेही तसेच. मोकळी वाट ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट असावी, असा दंडक आहे. पण न्हाणीघराचे दार बहुधा घरातील सर्वांत अरुंद दार असते. दिवाणखाना कितीही प्रशस्त असला, तरी न्हाणीघरात जाता येत नसेल तर ते घर राहण्याजोगे कसे म्हणावे?

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. सुगमतेच्या नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देऊ नये, असे त्याचे ४४ वे कलम सांगते. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निर्णय दिला, की हे नियम नुसत्या शिफारशी राहता कामा नयेत, ते बंधनकारक हवेत. त्या प्रकरणी न्यायालयापुढे आलेला अहवाल हैदराबादच्याच नालसार विधी विद्यापीठातील अभ्यासकेंद्राने तयार केला होता.

तथापि ४४ वे कलम नव्या आराखड्यांपुरते आहे. उभ्या इमारतीत दार उघडणे पुष्कळसे मालकाच्या हाती असते. मालक कठोर असतोच असे नाही. "आपल्याला येथे त्रास होईल हो," असे तो आर्जवाने म्हणतो. पण त्रास सोसवेल की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. मालकाने केवळ माप सांगावे: फाटकापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, लिफ्टचे दार केवढे, न्हाणीघराचे दार केवढे. दूरध्वनीवर ही तीन मापे मिळाली, तर एका मनुष्याची दिवसभराची वणवण वाचेल.

आणखी एक गोष्ट. भिंतीला आधाराची दांडी बसवावी, उंबरठ्यापाशी छोटा उतार करावा, खर्च कोणी करावयाचा आणि घर सोडताना ते काढावयाचे की ठेवावयाचे, हे करारपत्रातच लिहून घ्यावे. तोंडी सौजन्यापेक्षा लेखी ओळ उभयतांना अधिक उपयोगी पडते.

श्रोत्यांपैकी ज्यांची घरे भाड्याने द्यावयाची असतील, त्यांनी 'टू-लेट'ची पाटी लावण्यापूर्वी फीत घेऊन ही तीन मापे घ्यावीत आणि पाटीवरच लिहावीत, एवढीच विनंती.