शहाण्या गृहिणीचे रसायनशास्त्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रसायनशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याचे धुराडे आणि नाल्यातले फेसाळ पाणी उभे राहते. ही भीती खोटी नाही. १९८४ साली भोपाळात विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. परंतु त्याच शास्त्रात आता हरित रसायनशास्त्र नावाची शाखा वाढत आहे. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ साली तिची १२ तत्त्वे मांडली. त्यांतले पहिलेच आपल्या ओळखीचे आहे : घाण करून मग ती निपटत बसण्यापेक्षा ती होऊच देऊ नये. शहाणी गृहिणी दुसरे काय करते?

अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेनचेच पाहा. हे औषध पूर्वी सहा पायऱ्यांनी तयार करीत. हिशेबाने पाहता, घातलेल्या मालापैकी शंभरात ४० भागच औषधात उतरत; बाकीचा केर. पुढे तीन पायऱ्यांची रीत निघाली आणि ४० चे ७७ झाले. १९९७ साली अमेरिकेत या रीतीला पारितोषिक मिळाले. गोळी तीच, गुणही तोच. केर तेवढा घटला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, पुष्कळ शेतातच पेटवून देतात. त्या धुराने डोळे कोणाचे चुरचुरतात, हे मी सांगायला नको. पण पऱ्हाटीच्या लाकडात साखरेचे कण साखळीसारखे गुंफलेले असतात. ती साखळी विकरांनी तोडली की साखर सुटते, आणि साखर आंबवली की गाडीत घालण्याजोगे इथेनॉल मिळते. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याची रीत सिद्ध केली. २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला तिचा, रोज १० टन काडीकचरा घेणारा, नमुन्याचा कारखाना उभा राहिला. त्याच संस्थेची मराठवाड्याची शाखा २०१८ पासून आपल्या जालन्यात आहे.

हे सारे चांगलेच आहे. तरी माझ्या मनात एक शंका आहे. उद्या पऱ्हाटीला कारखान्याचा भाव आला, तर जिच्या घरची भाकरी आजही पऱ्हाटीच्या जाळावर भाजते, तिने चुलीत काय घालायचे? प्रयोगशाळेत हा प्रश्न कोण विचारील? जिने लहानपणी डोक्यावरून पऱ्हाटीचा भारा आणला असेल, तीच विचारील.

म्हणून माझे मागणे एवढेच. बारावीनंतर मुलगी रसायनशास्त्र शिकते म्हणाली, तर "परगावी कशाला?" असे म्हणू नका. शाळा आता दारात आली आहे. तिला तेथे पाठवा, आणि आपला प्रश्न तिच्याबरोबर द्या.