वर्गाध्यापनातील आवश्यक कौशल्ये



अध्यापनकौशल्य म्हटले की स्पष्ट उच्चार, सुवाच्य फलकलेखन, नीटनेटके पाठटाचण आणि वर्गातील शिस्त या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. त्या सर्व आवश्यकच आहेत. परंतु या बोलण्याच्या व दाखविण्याच्या कला होत. त्यांच्या मुळाशी ऐकण्याची कला आहे. मूल काय म्हणते, कोणत्या भाषेत म्हणते आणि तसे का म्हणते, हे ज्या शिक्षकाला ऐकू येते, त्याचेच बोलणे मुलापर्यंत पोहोचते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

ठाणे-बेलापूर पट्टीतील तळवली हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. खाडीकाठच्या या पट्टीत भातशेती, मासेमारी व मिठागरे यांवर आगरी-कोळी कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९६० नंतरच्या दशकात येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या शहरासाठी भूसंपादनास आरंभ झाला. आणि १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. गाव जागच्या जागी राहिले, पण त्याच्याभोवती शहर वाढले. अशा ठिकाणी गावठाणातील आगरी मूल आणि कामधंद्यासाठी दूरच्या जिल्ह्यांतून वा परप्रांतांतून आलेल्या कुटुंबाचे मूल एकाच बाकावर बसते. दोघांच्याही घरची बोली पाठ्यपुस्तकातील भाषेहून निराळी असते.

आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’, ‘शाळे’ची ‘शाला’ आणि ‘होडी’ची ‘होरी’ होते. समजा, पहिलीच्या वर्गात शिक्षकाने होडीचे चित्र दाखविले आणि एक मूल उत्साहाने ‘होरी’ म्हणाले. वर्ग हसला, शिक्षकही हसला, तर त्या मुलाचा पाठ तेथेच संपला. उद्या उत्तर ठाऊक असूनही ते ओठ मिटून बसेल, आणि काही महिन्यांनी त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘मंद’ असा शेरा पडेल. याउलट शिक्षकाने ‘होय, घरी होरी, पुस्तकात होडी लिहितात’ असे म्हणून दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले, आणि होरीत काय काय असते, ती कोण वल्हवतो, भरती-ओहोटी कशी ओळखतात, असे विचारले, तर ज्या मुलाला एक शब्द येत नव्हता तेच साऱ्या वर्गाला दहा गोष्टी सांगेल. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. पण तिची वाट घरच्या भाषेतून जाते.

ही दृष्टी या प्रदेशाला नवी नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जो २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो, तेथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत हे पाहून या दोघींनी मुलांना वा पालकांना दोष दिला नाही. मुले का येत नाहीत हे ऐकून घेतले. लहान मुले पाड्यावरून निघत नाहीत, म्हणून शिक्षिका पाड्यावरच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी जन्मास आली. मोठी मुले गुरे राखतात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. महागडी साधने परवडत नाहीत, म्हणून खडे, शंख-शिंपले, बिया व पाने हीच साधने झाली. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला. त्याचा उगम मात्र मुलाची अडचण ऐकून घेण्यात आहे.

दैनंदिन वर्गात हे ऐकणे कसे साधावे? पहिले साधन प्रश्नानंतरची विश्रांती हे होय. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना असे आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी अवघा एक सेकंद थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविताच मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. घरची बोली मनात असलेल्या मुलाला तर प्रश्न समजून घेणे, उत्तर शोधणे आणि ते पुस्तकी भाषेत मांडणे अशी तीन कामे करावी लागतात. म्हणून प्रश्न साऱ्या वर्गाला विचारावा, मनात तीन अंक मोजावेत आणि मगच नाव घ्यावे. आधी नाव घेतल्यास उरलेला वर्ग विचार करण्यातून मोकळा होतो.

दुसरे साधन म्हणजे चुकीची चौकशी. बेचाळीसांतून सतरा वजा करावयास सांगितले असता दोन मुलांनी ३५ असे उत्तर लिहिले. चूक एकच दिसते, पण कारणे दोन असू शकतात. एकाने दोनातून सात जात नाहीत म्हणून उलट सातातून दोन वजा केले. दुसऱ्याने दशक मोडून बारा एकक केले, त्यातून सात बरोबर काढले. पण चारांपैकी तीनच दशक उरले हे तो विसरला. पहिल्याला काड्यांचे जुडगे सोडून दशक म्हणजे काय हे दाखविले पाहिजे. दुसऱ्याला ते ठाऊक आहे, त्याला उरलेले दशक वर लिहून ठेवण्याची सवय हवी. दोघांच्या वहीवर तांबड्या शाईची फुली सारखीच पडते. ‘हे कसे केलेस, सांग पाहू’ हा प्रश्न मात्र दोघांना दोन वाटांनी पुढे नेतो.

तिसरे साधन वर्गाची मांडणी हे आहे. पुढील दोन रांगांशीच बोलण्याची सवय नकळत जडते. शिक्षकाने वर्गात फिरावे, मागील भिंतीशी उभे राहून फळा कसा दिसतो ते पाहावे आणि बसण्याच्या जागा पाळीपाळीने बदलाव्यात. दोन इयत्ता एकत्र असतील तेथे एका इयत्तेला स्वयंअध्ययनाचे काम देऊन दुसरीशी बोलावे. परंतु त्या कामाविषयी दिवसाअखेर विचारणा अवश्य करावी, नाही तर ते काम नसून केवळ गप्प बसविण्याची युक्ती ठरते.

शिस्तीचाही विचार येथेच करावयास हवा. शांत वर्ग हा शिकणारा वर्ग असतोच असे नाही. भीतीनेही शांतता नांदते. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा केंद्रीय कायदा आपल्या २९ व्या कलमात हेच सांगतो की, मूल भयापासून मुक्त असावे, त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे आणि शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून मिळावे. हे कलम अंमलात येते ते शिक्षकाच्या वर्गात, एका मुलाच्या एका उत्तराच्या वेळी.

यासाठी खर्च नाही, की नव्या साधनांची वाट पाहणे नाही. शाळा सुटल्यावर शिक्षकाने पाच मिनिटे हजेरीपट उघडावा आणि आज ज्यांचा आवाज एकदाही ऐकू आला नाही अशा तीन मुलांची नावे वेगळ्या कागदावर टिपावीत. दुसऱ्या दिवशी त्या तिघांना उत्तर देता येईल असा एकेक प्रश्न विचारावा आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबावे. महिनाभरात त्या कागदावर वारंवार येणारी नावे शिक्षकाच्या ध्यानी येतील. तळवलीत असो की डोंगरातील पाड्यावर, शाळा सोडून जाणारे मूल बहुधा त्याच नावांतील असते. शाळा सोडण्यापूर्वी ते बोलणे सोडते. जो शिक्षक ते मौन वेळीच ऐकेल, तो त्या मुलाला शाळेत राखील.