सरहद्दीवरचे खडे सैन्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



यंदा वादविवादासाठी मी अमेरिकेचा विषय दिला, तेव्हा काही पालकांनी विचारले, "सर, इतक्या दूरची उठाठेव कशाला?" माझे उत्तर असे की, नवस्वतंत्र राष्ट्राला सैन्य हवे की नको, हा वाद तेथे फार उघडपणे झाला.

इंग्रजांच्या पलटणींचा जाच सोसलेल्या त्या लोकांना खडे सैन्य म्हणजे जुलमाचे हत्यार वाटे. जून १७८४ मध्ये काँग्रेसने उरलीसुरली फौज मोडली. शिपाई ठेवले किती? अवघे ८०! २५ फोर्ट पिटला, ५५ वेस्ट पॉइंटला, तेही कोठारे राखण्यासाठी. आणि दुसऱ्याच दिवशी सरहद्दीसाठी चार राज्यांकडे ७०० माणसे मागितली, तीही एका वर्षापुरती!

ओहायो नदीच्या उत्तरेस वसाहतवाले घुसत होते. मायामी, शॉनी इत्यादी मूळ रहिवाशांशी लढाया जुंपल्या. १७९० मध्ये जनरल हार्मर हरला. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वॉबॅश नदीकाठी जनरल सेंट क्लेअरचे सहाशेंहून अधिक लोक एका सकाळीत मारले गेले. नदीपलीकडे तळ दिलेली मिलिशिया पहिल्याच धडकेत पळाली.

१७९२ च्या आरंभी प्रतिनिधिगृहात आणखी तीन पलटणींचे विधेयक आले. विरोधक म्हणाले, खर्च झेपणार नाही. रानाची माहिती असलेले सरहद्दीवरचे बंदूकबाजच पुरेत. आणि मुळात हे युद्धच अन्यायाचे आहे. समर्थकांनी मृतांकडे बोट दाखवले. मार्चमध्ये कायदा झाला. जनरल वेनने शिपायांकडून कसून कवायत करून घेतली, २० ऑगस्ट १७९४ रोजी फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक प्रदेश मूळ रहिवाशांच्या हातून गेला.

सैन्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळाचा पैसा एकदम मंजूर करायचा नाही, हे त्यांच्या राज्यघटनेतले कलम मला फार शहाणपणाचे वाटते. तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींच्या हाती राहते. पण युद्ध अन्यायाचे की न्यायाचे, हा विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा मतदानात वाहून गेला.

सैन्याच्या बाजूने मी नववीतला एक मुलगा उभा केला होता. तयारीच्या वेळी नकाशा पाहून तो म्हणाला, "सर, सरहद्द सरहद्द म्हणतो आपण, पण पलीकडे तर माणसे राहत होती!" मी त्याला बाजू बदलू दिली नाही. त्याने तोच प्रश्न स्वतःच्या भाषणाच्या आरंभी घेतला आणि उत्तर शोधताना वेळेची घंटा झाली. परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला.