न पेरलेला ढग



बरगी धरणाचे तुडुंब पाणी पाहत आपण वाढलो. पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय, ते मला सोलापुरात कळले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत त्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात विमानांद्वारे मेघबीजनाचा प्रयोग केला. उड्डाणांच्या समन्वयात मीही होतो.

रडारवर वाढता ढग हेरायचा, हवाई वाहतूक नियंत्रकांची अनुमती मिळवायची आणि ढग विरण्याआत त्याच्या तळाशी पोचून कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी पेटवायची. सारा खेळ घटकाभराचा. परंतु अभ्यासलेल्या २७६ ढगांपैकी अनेकांत बीजन करायचेच नव्हते. कोणते सोडायचे, हे आमच्या मर्जीवर नव्हते. चिठ्ठी टाकावी तसे ते ठरे. खाली तहानलेली ज्वारीची राने, वर भरून आलेला ढग, आणि विमानाने नुसती मापे घेऊन परतायचे! प्रारंभी मला हे निष्ठुर वाटे. पण न पेरलेला ढगही बरसतो. तो मोजला नाही, तर पेरल्याने किती पडले हे कसे कळणार?

"आमच्यावरचा ढग का सोडला, साहेब?" एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले. मी प्रयोगाची रीत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा आभाळाकडे पाहिले.